‘मनावर घेणे’ : फुटबॉलच्या मैदानावरील शिवीगाळीचा अर्थविचार

१

मराठीत ‘मनावर घेणे’ या वाक्प्रचाराचे दोन अर्थ होतात आणि ते जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत. ‘त्याने मनावर घेतले तर तो हे सहज करील’ या वाक्यात मनावर घेणे म्हणजे निश्चय करणे होय. ‘लोक काहीही बोलतात, तू मनावर घेऊ नकोस’ या वाक्यात मात्र मनावर घेणे म्हणजे दुसऱ्याचे बोलणे लावून घेणे. खेळाडूला हे दोन्ही उपदेश एकाच मैदानावर, आणि पुष्कळदा एकाच तोंडून, ऐकावे लागतात. सामन्यापूर्वी त्याला सांगितले जाते की खेळ मनावर घे; प्रेक्षकांतून शिव्या येऊ लागल्या म्हणजे सांगितले जाते की मनावर घेऊ नकोस. जणू मनाला दोन दारे आहेत आणि एक उघडे ठेवून दुसरे लावून घेणे हे केवळ खेळाडूच्या इच्छेवर अवलंबून आहे! शिव्यांनी अंगाला भोके पडत नाहीत, ही म्हणही याच समजुतीच्या पाठीशी उभी आहे. फुटबॉलच्या मैदानावरील शिवीगाळ आणि खेळाडूचे मानसिक स्वास्थ्य यांचा विचार करताना ही समजूत तपासून पाहणे अवश्य आहे. कारण खेळाचे लेखी नियम आणि मैदानावरील लोकव्यवहार हे दोन्ही, निरनिराळ्या मार्गांनी, तिच्यावरच विसंबलेले दिसतात.

हा प्रश्न धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात उपस्थित करण्यास एक विशेष कारण आहे. या जिल्ह्याची क्रीडाक्षेत्रातील ख्याती खो-खोची आहे. फुटबॉल येथे मुख्यतः शालेय स्पर्धांच्या द्वारे आला. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरण्यापूर्वी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्यातील दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळावयास लावण्याचा संकल्प महाराष्ट्र शासनाने केला होता. त्या संकल्पात मराठवाड्याच्या शाळाही होत्या. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जी प्रेक्षकपरंपरा आहे, ती येथे नाही. जेथे रूढी अद्याप बनावयाची आहे, तेथेच ती कशी बनावी याचा विचार करण्यास अवसर असतो.

२

फुटबॉलच्या नियमावलीतील बाराव्या नियमात भाषेचा विचार आला आहे. १९९७ च्या पुनर्लेखनापूर्वी या नियमाची भाषा अशी होती की ‘अभद्र अथवा शिवराळ’ बोलणाऱ्या खेळाडूस पंचांनी मैदानाबाहेर काढावे. पुनर्लेखनानंतर ‘अभद्र’ हे विशेषण गेले आणि ‘दुखावणारी, अपमानकारक अथवा शिवराळ’ अशी त्रयी आली. बदल लहान दिसतो, परंतु अर्थविचाराच्या दृष्टीने तो मोठा आहे. ‘अभद्र’ हे विशेषण शब्दाचे वर्णन करते. शब्द कोणी कोणास म्हटला हे न पाहताही ते लावता येते. ‘अपमानकारक’ हे विशेषण दोन माणसांमधील संबंधाचे वर्णन करते. अपमान होण्यास कोणीतरी अपमानित व्हावा लागतो. म्हणजे नियमाने आपली दृष्टी बोलणाऱ्याच्या जिभेवरून ऐकणाऱ्याकडे वळविली.

तथापि ही दृष्टी अर्ध्यावरच थांबली आहे. गोल हुकल्यावर स्वतःच्याच नावाने शिवी हासडणारा खेळाडू आणि प्रतिस्पर्ध्याच्या जातीचा किंवा वर्णाचा उद्धार करणारा खेळाडू यांच्यात नियमाचे शब्द भेद करीत नाहीत. तो भेद पंचांच्या विवेकावर सोडलेला आहे. याच नियमात, पंचांच्या निर्णयाशी शब्दाने असहमती दर्शविणाऱ्यास आणि बोलून प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणाऱ्यास ताकीद देण्याची तरतूद आहे. यावरून एवढे सिद्ध होते की शब्द मनापर्यंत पोचतो, हे नियमकर्त्यांना मान्य आहे. मात्र त्याची मोजणी ते खेळाच्या मापाने करतात : पंचांचा अधिकार ढळला काय, खेळाडूचे लक्ष ढळले काय? सामना संपल्यावर तोच शब्द खेळाडूबरोबर घरी जातो काय, हा प्रश्न नियमाच्या कक्षेत येत नाही. शिवाय हा नियम खेळाडू, बदली खेळाडू आणि संघाचे पदाधिकारी यांच्यापुरताच आहे. मैदानावरील बहुतेक शिव्या जेथून येतात, ती गॅलरी त्याच्या बाहेर राहते.

३

अर्थाचे वास्तव्य शब्दात असते काय, हा भाषाशास्त्रातील जुना प्रश्न शिवीच्या बाबतीत फार तीव्रपणे पुढे येतो. ‘लेका’ हे संबोधन मित्रामित्रांत सहज चालते. त्याच नामाला षष्ठीचा प्रत्यय लावून तृतीय पुरुषी ‘लेकाचा’ म्हटले की त्यात तुच्छता उतरते. ‘मेल्या’ हा शब्द मरण सुचवितो, पण आजीच्या तोंडी तो लाडाचा असतो. ‘रांडेच्या’ हा शब्द कोशात असभ्य म्हणूनच नोंदवावा लागेल. पण कोल्हापुराकडे तो जिवलग मित्राच्या पाठीवरील थापेबरोबर येतो. उलट, ‘बांगड्या भर’ या दोन शब्दांत अश्लील असे काहीच नाही. बांगडी ही तर मंगल वस्तू. परंतु चेंडू हुकलेल्या मुलाला हे दोन शब्द ऐकविले म्हणजे त्याचा अपमान होतो, आणि त्याच मैदानावर उद्या खेळावयाच्या मुलींचाही होतो; कारण त्यांचे स्त्री असणे हेच तेथे शिवी म्हणून वापरलेले असते. अश्लीलता आणि अपमान ही दोन निरनिराळी परिमाणे आहेत, एवढे या उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

मराठीतील बहुतेक जबर शिव्या आईबहिणीच्या नावाने दिल्या जातात. त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. संबोधिलेली व्यक्ती एक असते आणि लक्ष्य दुसरेच असते. आणि ते लक्ष्य बहुधा तेथे उपस्थित नसते. ही घडण मराठीपुरती नाही. ९ जुलै २००६ रोजी बर्लिन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिनेदिन झिदान याने इटलीच्या मार्को माटेराझ्झी याच्या छातीवर डोक्याने धडक मारली आणि त्याला मैदानाबाहेर जावे लागले. आपण त्याच्या बहिणीविषयी अपमानकारक बोललो होतो, हे माटेराझ्झीने पुढे मान्य केले. फिफाने झिदानला तीन आणि माटेराझ्झीला दोन सामन्यांची बंदी घातली. सामन्याच्या वेळी पंचांपर्यंत पोचली ती केवळ धडक. शब्द पोचला नाही. देहाचा अपराध जागच्या जागी दिसतो आणि शब्दाचा अपराध चौकशीनंतर कळतो, ही या विषयातील मूळ अडचण होय.

चौकशी झाली तरी अर्थ कसा ठरवावयाचा? या दृष्टीने इंग्लंडमधील दोन निर्णय अभ्यासनीय आहेत. १५ ऑक्टोबर २०११ रोजी लिव्हरपूल व मँचेस्टर युनायटेड यांच्या सामन्यात उरुग्वेच्या लुईस सुआरेझ याने कृष्णवर्णीय फ्रेंच खेळाडू पॅट्रिस एव्हरा याला वादावादीत ‘नेग्रो’ या स्पॅनिश शब्दाने संबोधिले. आपल्या देशात हा शब्द स्नेहानेही वापरतात, असा सुआरेझचा बचाव होता. फुटबॉल असोसिएशनच्या आयोगाने लॅटिन अमेरिकेच्या दोन अभ्यासकांचे मत घेतले. शब्द स्नेहाचा असू शकतो, परंतु भांडणाच्या ओघात तो तसा राहत नाही, असा त्या मताचा आशय होता. आयोगाने आठ सामन्यांची बंदी आणि ४०,००० पौंड दंड अशी शिक्षा दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये उरुग्वेच्याच एदिन्सन कावानी याने समाजमाध्यमावर एका स्नेह्याचे आभार मानताना त्याच शब्दाचे लघुत्ववाचक रूप, ‘नेग्रितो’, वापरले. त्याला तीन सामन्यांची बंदी आणि १,००,००० पौंड दंड झाला, आणि उरुग्वेच्या राष्ट्रीय साहित्य अकादमीने या निर्णयाचा जाहीर निषेध केला. पहिल्या निर्णयात शब्द, प्रसंग आणि स्वर यांचा एकत्र विचार झाला होता. दुसऱ्यात शब्द प्रसंगापासून सुटा करून तोलला गेला. पहिला निर्णय कठोर असूनही समर्थनीय ठरतो, आणि दुसरा सद्धेतूने दिलेला असूनही दुबळा ठरतो, तो यामुळे.

भारतीय अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात व्यंग्यार्थ कशाकशावर अवलंबून असतो याची गणना केली आहे. तीत वक्ता आहे. बोद्धव्य, म्हणजे ज्याला सांगावयाचे तो, आहे. काकू, म्हणजे स्वरभेद, आहे. प्रस्ताव, देश आणि काल आहेत. आणि अन्यसन्निधी, म्हणजे तिसऱ्या कोणाची तरी उपस्थिती, हीदेखील आहे. मम्मटापुढे काव्य होते. परंतु मैदानावरील शिवीचा अर्थ लावण्यास ही यादी बाराव्या नियमापेक्षा अधिक उपयोगी आहे, आणि तीतील ‘अन्यसन्निधी’ ही संज्ञा तर या विषयाची किल्लीच म्हणावी लागेल.

४

अन्यसन्निधी म्हणजे काय, हे मराठी मुलखात पाहावयाचे तर कोल्हापुरास जावे लागते. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या स्पर्धा तेथील शाहू स्टेडियमवर होतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालीम मंडळांच्या नावांवरूनच कळते की संघ पेठेचा असतो आणि खेळाडू हा त्या पेठेतला कोणाचा तरी मुलगा असतो. पेठापेठांतील ईर्ष्येने या गावात फुटबॉल जगविला आणि वाढविला, हे निर्विवाद आहे. शिवीगाळ, हुल्लडबाजी आणि त्यांपायी लागणारा पोलीस बंदोबस्त यांच्या बातम्या वेळोवेळी येतात, त्या याच ईर्ष्येची दुसरी बाजू दाखवितात. येथे शिवी खेळाडूला उद्देशून दिली जाते, परंतु ती ऐकतात त्याचे वडील, चुलते, शेजारी आणि उद्या ज्यांच्याबरोबर त्याला चहाच्या टपरीवर उभे राहावयाचे आहे ते सर्व. एकांतात दिलेली शिवी एकालाच लागते. गॅलरीतली शिवी साक्षीदारांसह लागते.

आणि या शिवीला उत्तर देता येत नाही. रस्त्यावर ज्याला शिवी दिली तो उलट शिवी देऊ शकतो, निघून जाऊ शकतो किंवा हसून विषय उडवून लावू शकतो. मैदानावरील खेळाडूला निघून जाता येत नाही. आणि त्याने उलट उत्तर दिले तर बारावा नियम त्यालाच लागू होतो, गॅलरीला होत नाही. ऐकणे सक्तीचे आणि उत्तर वर्ज्य, अशी ही विषम स्थिती आहे. एका बाजूला शेकडो वक्ते आणि दुसऱ्या बाजूला एकच मुका श्रोता असा भाषाव्यवहार समाजात अन्यत्र क्वचितच आढळेल.

भारतीय कायद्यात शिवीकडे पाहण्याच्या तीन दृष्टी आढळतात. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील शब्दांविषयीचे कलम (भारतीय दंड संहितेचे २९४, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९६) शब्दाकडे पाहते. शांतताभंगास चिथावणी देणाऱ्या अपमानाविषयीचे कलम (पूर्वीचे ५०४, आताचे ३५२) ऐकणारा चिडून काय करील याकडे पाहते. तो घरी जाऊन मुकाट बसला तर त्याच्या दुःखाशी या कलमाला फारसे कर्तव्य नाही. तिसरी दृष्टी अनुसूचित जाती व जमाती यांच्यावरील अत्याचारांस प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या अधिनियमाची. जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ आणि हेतुपूर्वक केलेली मानहानी लोकांच्या नजरेसमोर घडली पाहिजे, अशी अट त्यात आहे. म्हणजे मम्मटाची अन्यसन्निधी येथे अपराधाचे अंग बनली आहे. मानहानीला साक्षीदार लागतात, हे सत्य या कायद्याने ओळखले. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ हरल्यावर वंदना कटारिया या खेळाडूच्या हरिद्वारजवळील घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या कुटुंबाने केली होती. क्रीडेच्या नावाखाली हा प्रकार दूर कोठे तरीच घडतो, असे मानण्यास म्हणूनच आधार नाही.

मुक्या श्रोत्याला उत्तराचा अधिकार देण्याचा एक मर्यादित प्रयत्न फिफाने मे २०२४ मध्ये बँकॉक येथील अधिवेशनात केला. वर्णद्वेषी शिवीगाळ होत असल्यास खेळाडूने मनगटे एकमेकांवर ठेवून हातांची फुली करावी. मग पंचांनी क्रमाने सामना थांबवावा, काही काळ स्थगित करावा आणि अखेरीस रद्द करावा, अशी ही योजना आहे. शिवीला शिवीने उत्तर न देता ती नोंदवून घ्यावयास लावणारी ही खूण म्हणजे एक नवी भाषिक कृतीच आहे. मात्र ती वर्णद्वेषापुरतीच आहे. ‘बांगड्या भर’ ऐकणाऱ्या मुलासाठी अद्याप कोणतीही खूण नाही.

५

शिव्यांनी अंगाला भोके पडत नाहीत असे म्हण सांगते. मराठी भाषा मात्र या म्हणीपेक्षा शहाणी आहे. चेंडू लागतो, ठेच लागते आणि शब्दही लागतो, क्रियापद एकच. ‘जिव्हारी लागणे’ या प्रयोगात तर शब्दाने कोठे जखम केली, तेही सांगितले आहे. मार खातात, बोलणी खातात आणि शिव्याही खातात. ‘शिव्याशाप’ या जोडशब्दाने शिवीला शापाच्या शेजारी बसविले. भाषा बनविणाऱ्या असंख्य अनाम लोकांना शब्दाचा आघात देहाच्या आघातासारखाच प्रतीत झाला होता, असा याचा अर्थ होतो.

हा केवळ अलंकार आहे काय? २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आयझेनबर्गर, लीबरमन आणि विल्यम्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मेंदूची प्रतिमा घेत असताना व्यक्तीला पडद्यावर चेंडू फेकण्याचा खेळ खेळावयास लावले आणि मध्येच तिला चेंडू देणे बंद केले. वगळले गेल्याच्या त्या क्षणी शारीरिक वेदनेच्या त्रासाशी निगडित असलेला मेंदूचा भाग अधिक क्रियाशील झाला. या निष्कर्षाच्या अर्थाविषयी पुढे वाद झाले. शिवाय तो प्रयोग बहिष्कृत करण्याचा होता, शिवीचा नव्हता. तरी बहुतेक सार्वजनिक शिव्यांचा गाभा ‘तू आमच्यातला नव्हेस’ हाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. व्यावसायिक खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो हिने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६०७ खेळाडूंपैकी ३८ टक्क्यांनी नैराश्याची किंवा चिंतेची लक्षणे सांगितली होती. आणि ज्यांना वारंवार गंभीर दुखापती झाल्या त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. येथे दुखापत म्हणजे गुडघ्याची, घोट्याची. ती मोजता येते म्हणून मोजली गेली. शब्दाच्या दुखापतीची नोंदच होत नाही, मग तिचा परिणाम पाहणीत कोठून दिसावा?

‘मनावर घेऊ नकोस’ या उपदेशाची खरी किंमत येथे कळते. जुलै २०२५ मध्ये महिलांच्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंडच्या जेस कार्टर हिला वर्णद्वेषी शिवीगाळ सहन करावी लागली, तेव्हा तिने समाजमाध्यमांपासून दूर होत असल्याचे जाहीर केले. मनावर न घेण्याचा मार्ग कोणता, तर जेथे ऐकू येते ती जागाच सोडणे! शालेय खेळाडूला ती जागा म्हणजे मैदान. तो खेळ सोडतो, आणि ‘त्याने मनावर घेतले नाही’ असे म्हटले जाते, या वेळी पहिल्या अर्थाने. एका अर्थाने ज्याने फार मनावर घेतले, त्याच्यावर दुसऱ्या अर्थाने मनावर न घेतल्याचा ठपका येतो.

६

धाराशिवकडे परत वळले असता एक उद्बोधक विरोध दिसतो. या जिल्ह्याच्या आवडत्या खेळात भाषा ही नियमबाह्य गोष्ट नाही, ती नियमाच्या केंद्रस्थानी आहे. खो-खोत पाठलाग करणारा खेळाडू बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीला स्पर्श करतो आणि त्याच वेळी मोठ्याने ‘खो’ म्हणतो. केवळ स्पर्शाने खो होत नाही, केवळ उच्चारानेही होत नाही. जॉन ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांत जिचे विवेचन केले, ती उच्चारणातच घडणारी कृती ती हीच. कबड्डीतही दम आणि शब्द तुटला की चढाई संपते. फुटबॉलच्या नियमांत शब्द येतो तो मुख्यतः अपराध म्हणून. खो-खोत तो सहकाऱ्याला उठविण्यासाठी येतो. ज्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून शब्दाने उठविले जाण्याचा संस्कार आहे, त्यांना शब्दाने बसविलेही जाऊ शकते, हे वेगळे सांगावयास नको.

शब्द उठवितो, याचे एक ठळक उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या प्रसंगी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतून असे कळले की २०१६ मध्येच घरच्या आर्थिक ओढगस्तीमुळे त्यांच्या मनावर इतका ताण आला होता की त्यांनी खेळ सोडण्याचा निश्चय केला होता. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या पुन्हा मैदानावर आल्या. या व्यथेचे कारण दारिद्र्य होते, शिवीगाळ नव्हती. ही गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. परंतु उपाय शब्दाचा होता. समजावणीच्या शब्दांत मनावर परिणाम करण्याचे सामर्थ्य आहे असे ज्यांना मान्य आहे, त्यांना शिवीत ते सामर्थ्य नाही असे म्हणता येणार नाही. शब्दाचे बळ उपकारापुरते मानावयाचे आणि अपकाराच्या वेळी नाकारावयाचे, हा न्याय नव्हे.

२०१५ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी शासनाने ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले, ते यवतमाळ आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. मनाचे दुखणे हे दुखणेच असते आणि त्याविषयी बोलावे लागते, हा धडा या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. शेताच्या बांधावर शिकलेला धडा शाळेच्या मैदानावर विसरला जाऊ नये.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा : शिवीची इजा शब्दाच्या अश्लीलतेत नसून वक्ता, श्रोता, साक्षीदार आणि उत्तराचा अभाव या चौघांच्या संयोगात असते. म्हणून असभ्य शब्दांची यादी करून ती वर्ज्य ठरविल्याने प्रश्न सुटणार नाही. यादीबाहेरचा निष्पाप शब्दही तेच काम करील, आणि यादीतला शब्द दोन मित्रांत निष्पाप राहील.

शालेय स्पर्धांपुरते बोलावयाचे तर तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. पंचांच्या अहवालात ‘शिवीगाळ झाली’ एवढेच न लिहिता कोणता शब्द, कोणी, कोणास आणि कोणासमोर उच्चारला, हे लिहावे. हातांच्या फुलीसारखी एखादी खूण वर्ण, जात, लिंग, व्यंग या सर्वच कारणांसाठी मुलांना उपलब्ध असावी, आणि ती केल्याबद्दल कोणासही ताकीद मिळू नये. सामन्यानंतर प्रशिक्षकाने मुलाला ‘मनावर घेऊ नकोस’ असे सांगण्यापूर्वी ‘तुला काय ऐकू आले?’ असे विचारावे. या तिसऱ्या गोष्टीस पैसा लागत नाही, नियमदुरुस्तीही लागत नाही. मैदानावर ज्याला उत्तराचा अधिकार नव्हता, त्याला निदान मैदानाबाहेर बोलण्याचा अधिकार तेवढ्याने मिळतो. मुलाने खेळ मनावर घ्यावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी त्याच्या मनावर काय काय घातले जाते याची विचारपूस करणे हे क्रमप्राप्तच होय.